सामायिक वाडा, स्वतंत्र चित्रपट

मराठीत कमी पैशांत सिनेमा काढायचा तर विषय एकच परवडतो, भाऊबंदकी. ऐतिहासिक काढायचा तर घोडे लागतात, घोड्यांना चंदी लागते आणि मावळ्यांना दोन वेळचं जेवण. प्रेमकथेला पाऊस लागतो आणि तो टँकरने आणावा लागतो. भाऊबंदकीला एक जुनं घर, एक खाट, खाटेवर एक म्हातारी आणि एकमेकांशी न बोलणारी चार माणसं एवढं पुरतं. ती बोलतच नसल्यामुळे संवादलेखकाचं मानधनही वाचतं. म्हातारी बहुधा दिग्दर्शकाची सख्खी आजी असते आणि खाटही तिचीच असते.

हा प्रकार बघणाऱ्यांना आता पाठ झाला आहे. पहिली पाच मिनिटं पडद्यावर कोणीच येत नाही. एक दरवाजा दिसतो. मग त्याच दरवाजाची कडी दिसते. यंत्र अडकलं की काय म्हणून आपण मागे वळून बघतो, तेवढ्यात एक कोंबडी आडवी जाते आणि सिनेमा चालू असल्याची खात्री पटते. मग एसटी येते. एसटीतून मुंबईचा भाऊ उतरतो. त्याच्या खांद्याला बॅग आणि चेहऱ्यावर अपराधी भाव असतो. बॅग घरात गेल्यावर उतरते, भाव शेवटपर्यंत उतरत नाही. गावचा भाऊ विहिरीवर अंघोळ करत असतो. दोघं एकमेकांकडे बघतात. मध्यंतर.

या मुंबईच्या भावाला एसटीत बसवलं ते महेश एलकुंचवारांनी. त्यांचं ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ साली रंगभूमीवर आलं. वडील गेल्यावर मुंबईचा मुलगा बायकोला घेऊन वऱ्हाडातल्या वाड्यावर येतो, अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर गंजत पडलेला असतो. एलकुंचवारांचं नाटक मोठं होतं. मागाहून आलेल्यांनी त्यातलं मोठेपण वाड्यावरच ठेवलं आणि ट्रॅक्टर तेवढा उचलून आणला. आता गंजलेलं वाहन दिसलं नाही तर प्रेक्षकाला विषय गंभीर आहे हेच कळत नाही. ट्रॅक्टर मिळाला नाही तर लूनाही चालते.

त्याच्याही फार आधी, १९०९ साली, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी सरळ ‘भाऊबंदकी’ याच नावाचं नाटक लिहून पुढच्या सगळ्यांची पंचाईत करून ठेवली. त्यात पेशव्यांच्या घरातलं भांडण होतं. पण राघोबादादांकडे भांडायला निदान दौलत होती. आमच्याकडे अर्धा गुंठा असतो. अर्धा गुंठा म्हणजे सुमारे साडेपाचशे चौरस फूट. ऐकायला क्षुल्लक वाटतं खरं, पण मुंबईचा भाऊ डोंबिवलीत ज्या घराचे हप्ते निवृत्तीपर्यंत फेडत असतो ते घर एवढंच असतं हे लक्षात घेतलं, म्हणजे गावी आल्यावर त्याचा आवाज कशाने चढतो ते समजतं.

घरच्यांना जुंपून सिनेमा काढायची रीत तर दादासाहेब फाळक्यांची. विलायतेहून सामग्री आणायला त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, पत्नी सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले, युनिटचा स्वयंपाक केला, वर फिल्म धुण्याची कामंही केली. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ असा घरातल्या घरात उभा राहिला. मात्र त्याची गोष्ट आजच्या मराठी माणसाच्या गळी उतरणं कठीण. हा गृहस्थ वडिलोपार्जित राज्य एका ऋषीला देऊन टाकतो, सहहिस्सेदारांची संमती नाही, तलाठ्याकडे अर्ज नाही, आणि कोणी हरकतही घेत नाही! रोहिदासाला सज्ञान झाल्यावर चांगला वकील मिळाला असता तर विश्वामित्रांना तारखांवर यावं लागलं असतं.

परदेशात याच गरिबीचं तत्त्वज्ञान झालेलं आहे. १९९५ साली डेन्मार्कमधल्या लार्स फॉन ट्रायर आणि थॉमस व्हिंटरबर्ग या दोघांनी ‘डॉग्मा ९५’ नावाची शपथ घेतली. चित्रण खऱ्या जागीच करायचं, बाहेरून सामान आणायचं नाही, कॅमेरा हातातच धरायचा, वेगळे दिवे लावायचे नाहीत, वरून संगीत चिकटवायचं नाही. त्या शपथेतून १९९८ साली व्हिंटरबर्गचा ‘फेस्टेन’ आला. वडिलांच्या साठीचं जेवण चाललेलं, थोरला मुलगा दोन शब्द बोलायला उठतो आणि घराण्याची लक्तरं पाहुण्यांसमोर टाकतो. पाहुणे अवघडतात, पण जेवण थांबत नाही. चित्रण घरगुती वापराच्या छोट्या कॅमेऱ्यावर झालेलं, आणि कान महोत्सवात ज्यूरींचं पारितोषिक. आमचे दिग्दर्शक या सगळ्या अटी शपथ न घेताच पाळतात, कारण दिव्यांचं भाडं भरायला पैसे नसतात. डॉग्माची शेवटची अट मात्र आमच्याकडे कोणी पाळेल असं वाटत नाही. दिग्दर्शकाचं नाव श्रेयनामावलीत द्यायचं नाही, अशी ती अट आहे.

माझा एक स्नेही असाच सिनेमा काढायला निघाला. त्याला सिंधुदुर्गात एक घर मिळालं. युनिटमधले सगळे त्याला ‘वाडा’ म्हणत, राहणारे ‘घर’ म्हणत आणि कोर्टाच्या कागदांत त्याला ‘दावा मिळकत’ म्हणत. चौसोपी, मधोमध चौक, पुढे खळं, मागे आंब्याचं झाड आणि झाडाला टेकून चिऱ्यांचा गडगा. उजव्या बाजूला थोरले राहत, डाव्या बाजूला धाकटे. मधली भिंत सामायिक, म्हणून ती तीस वर्षं पडत होती. एकाने दुरुस्ती केली तर तो उद्या मालकी सांगेल या धास्तीने दुसऱ्याने अडवायचं आणि दुसऱ्याने केली तर पहिल्याने. अशी भिंत उभी करायला कलादिग्दर्शकाने लाखभर रुपये घेतले असते, आणि तरी ती दोन्ही बाजूंनी इतकी सारखी खचलेली दिसली नसती. स्नेही भिंतीसमोर उभा राहून भारावल्या आवाजात म्हणाला, “यात काळ दिसतो.” दोघांनीही ते ऐकलं. युनिट सामान घेऊन परत आलं तेव्हा थोरल्यांनी आपली बाजू निळी आणि धाकट्यांनी आपली बाजू पिस्ता रंगवून ठेवली होती. सिनेमात घर चांगलं दिसायला नको?

परवानगीचं प्रकरण निराळंच. सातबारावर मालक म्हणून जी नावं होती त्यांतली निम्मी कैलासवासी होती. वारसनोंद करायची तर सगळ्यांना एकत्र बसावं लागतं, आणि सगळे एकत्र येतात ते फक्त गणपतीत. एका पाटावरच्या एका मूर्तीची दोघे भाऊ खांद्याला खांदा लावून आरती म्हणतात, एकाच ताटातला मोदक खातात, विसर्जनाला मूर्ती दोघे मिळून उचलतात. अशा वेळी असले विषय काढायचे नसतात. मूर्ती पाण्यात गेली की पुढच्या चतुर्थीपर्यंत पुन्हा अबोला. तेव्हा हयात असलेल्यांच्या सह्या घ्यायचं ठरलं. थोरल्यांनी सही केली. धाकट्यांनी थोरल्यांची सही निरखून बघितली, ती खरी असल्याची खात्री करून घेतली आणि मग तिच्या वर सही केली.

एवढ्यात तीन बहिणी आल्या. पटकथेत बहीण नव्हतीच. खरं तर होती, पण ती एका प्रसंगात डोळे पुसायला आणि दुसऱ्यात चहा ठेवायला येणार होती. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, परंतु ही बातमी पटकथालेखकांपर्यंत अजून पोचलेली नाही. त्यांच्या गोष्टीतली भाऊबंदकी अजून निव्वळ भावांचीच. या तिघींपैकी मधली बहीण वकिलाला सोबत घेऊनच आली. तिने चहा ठेवला नाही, मागवला. भावांनी वर्षानुवर्षं तिच्यापुढे हक्कसोडपत्र सरकवलं होतं आणि वर्षानुवर्षं ती म्हणत होती, “चष्मा विसरले.” तिने घराच्या भाड्याचे पाच सारखे वाटे मागितले. निर्मितीव्यवस्थापकाने रोज संध्याकाळी पाच पावत्या फाडल्या. त्या घराण्यातली पहिली बिनतक्रार वाटणी त्याच्याकडून झाली, पण त्याचं कोणी कौतुक केलं नाही.

वीज थोरल्यांच्या मीटरवरून घ्यायची आणि पाणी धाकट्यांच्या विहिरीचं, असा तोल सांभाळत चित्रण सुरू झालं. कॅमेऱ्यासमोर नटांनी कुठे उभं राहायचं ते कळावं म्हणून सहायक जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करतात. पहिल्या दिवशी चौकात अशा बऱ्याच खुणा झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर सगळ्या खुणा उजवीकडे दोन-दोन हात सरकलेल्या. धाकट्यांना वाटलं, सिनेमाच्या मिषाने थोरल्यांनी मोजणी आणली. त्यांची समजूत काढेपर्यंत थोरल्यांना संशय आला की समजूत काढण्याएवढं काय घडलं? शेवटी नटांनी खुणांशिवाय अंदाजाने उभं राहायचं ठरलं. पुढे एका समीक्षकाने लिहिलं की पात्रं चौकटीच्या कडेला ढकलली गेल्यामुळे त्यांचं परिघावरचं जगणं अधोरेखित होतं.

सगळ्यात मोठा घोळ भांडणाच्या प्रसंगात झाला. पटकथेत दोन भाऊ चौकात समोरासमोर येतात, थोरला ओरडतो, धाकटा त्याहून ओरडतो, आईच्या हातून तांब्या पडतो. नट शहरातले, प्रायोगिक रंगभूमीवर घासलेले. त्यांनी असा काही आवाज लावला की शेजारच्या वाडीतली माणसं गोळा झाली. खरे दोघे भाऊ आपापल्या ओट्यावर बसून बघत होते. थोरले कंटाळून म्हणाले, “असां कोण भांडता काय रे?” हे वाक्य त्यांनी दिग्दर्शकाकडे बघून उच्चारलं, पण त्यात धाकट्यांना उद्देशून मतैक्याची मागणी होती. धाकट्यांनी चौकातल्या मांजराकडे बघून मान हलवली.

मग दोघांनी आपापल्या ओट्यावरून, एकमेकांकडे न बघता, स्नेह्याला खरं भांडण शिकवलं. खऱ्या भांडणात आवाज चढत नाही. बोलणंच तिसऱ्याशी होतं. “सांग तेका, पाटाचां पाणी आज आमचां,” हे वाक्य ज्याला सांगायचं तो दोन हातांवर उभा असतो, सांगितलं जातं ते अंगणातल्या पोराला. पोर नसलं तर सुनेला, सून नसली तर गाईला. गाय ते ऐकते, तोही ऐकतो, आणि गाईलाच उत्तर देऊन निघून जातो. भांडण खरं पेटतं ते वस्तूंवर. न्हाणीतला हंडा कोणाच्या बायकोच्या माहेरचा, देवघरातली समई कोणी घासायची, पडलेला नारळ कोणाच्या हद्दीत थांबला. जमिनीचं भांडण वकिलावर सोपवता येतं. समईसाठी मात्र स्वतःलाच अबोला धरावा लागतो. स्नेह्याने पटकथेची ती पानं फाडली आणि प्रसंग गाईवर घेतला. सिनेमातला तोच सगळ्यात चांगला प्रसंग आहे आणि गाईने एकाच टेकमध्ये दिला.

तरी हे त्याला आधी कळायला हरकत नव्हती. राम रेड्डी यांचा ‘तिथी’ हा कन्नड सिनेमा त्याने बघितलेला होता, बघितल्याचं तो सगळ्यांना सांगतही असे. कर्नाटकातल्या मंड्या भागातलं खेडं, सगळी पात्रं गावातल्याच माणसांनी केलेली. एकशे एक वर्षांचा सेंच्युरी गौडा एके दिवशी मरतो. त्याची पाच एकर जमीन नातवाला विकायची आहे, पण मध्ये बाप आहे, गडप्पा, आणि त्याला जमिनीचं, वाटणीचं, कशाचंच सोयरसुतक नाही. तो क्वार्टर आणि विडी घेऊन रानोमाळ हिंडतो. नातू वैतागून जिवंत बापाचा मृत्यूचा दाखला करून घेतो. घराणं फुटायला आरडाओरडा लागत नाही, एक शिक्का आणि शिक्का मारणारा पुरतो. २०१५ साली लोकार्नो महोत्सवात त्याला दोन पुरस्कार मिळाले आणि मग राष्ट्रीय पुरस्कारही. आमच्याकडच्यांनी त्यातून काय घेतलं? अनोळखी चेहरे घेतले, रानोमाळ हिंडणं घेतलं, आणि हसू तेवढं तिकडेच ठेवलं. मराठी माणसाला भाऊबंदकीवर हसायचं असतं, पण ते शेजाऱ्याच्या. स्वतःची असली की तिला तानपुरा लागतो.

इकडे निम्म्यात पैसे संपले. स्नेह्याचा वडिलोपार्जित एक प्लॉट होता. तो विकून सिनेमा पुरा करायचं त्याने ठरवलं. प्लॉट विकायला भावाची सही लागत होती. भाऊ म्हणाला, “विषय काय आहे सिनेमाचा?” त्याने सांगितला. भावाने विचार करायला वेळ मागितला. तो विचार करत असताना त्याच्या बायकोने विचारलं, की सिनेमात थोरल्याची बायको कशी दाखवली आहे? इथून पुढचे संवाद मी लिहीत नाही, कारण दोघांशीही माझं अजून बोलणं आहे. सही शेवटी झाली, पण निर्माता म्हणून भावाचं नाव आधी घ्यायच्या अटीवर. शिवाय वेशभूषा मेव्हण्याकडे गेली, ध्वनिमुद्रण मावसभावाकडे आणि जेवण आईकडे. आईने दोन्ही मुलांना पंगतीत शेजारी शेजारी बसवलं. दोघं वाढप्याला म्हणत, “त्याला विचार, मीठ हवंय का.”

श्रेयनामावलीतल्या ‘विशेष आभार’ पाटीने आणखी महिना खाल्ला. थोरल्यांचं म्हणणं, वयाने क्रम लावा. धाकट्यांचं म्हणणं, अक्षराने लावा. बहिणींचं म्हणणं, सासरचं आडनाव लावा, नाहीतर सासरी दाखवायचं काय. तडजोड म्हणून सगळी नावं गोलाकार लिहिली. मग गोलाच्या माथ्यावर कोणाचं नाव, याचा वाद निघाला. आता पडद्यावर ती नावं सावकाश फिरतात. कोणाचंच डोकं स्थिर राहत नाही, पण भांडायलाही जागा राहत नाही.

सिनेमा महोत्सवांतून फिरला. प्रत्येक ठिकाणी खेळानंतर दिव्यांच्या उजेडात एक जण उठून विचारी, “शेवटच्या दृश्यात तो दरवाजा उघडाच राहतो. हा सलोख्याचा आशावाद समजायचा का?” स्नेही डोळे मिटून म्हणे, “ते मी प्रेक्षकांवर सोडलंय.” खरी गोष्ट अशी की दरवाजा थोरल्यांचा असला तरी कडी धाकट्यांनी बसवलेली होती, आणि त्या दिवशी सकाळी ते ती काढून घेऊन गेले होते. दरवाजा बंदच होत नव्हता.

मग चित्रगृहांत प्रदर्शन. मल्टिप्लेक्सनी मराठी सिनेमाला दुपारी बारा ते रात्री नऊ या वेळात जागा द्यावी असं सरकारने २०१५ साली ठरवून दिलं. त्याचा मान राखून याला शुक्रवारी सव्वाबाराचा खेळ मिळाला. प्रेक्षकांत मेव्हणा, मावसभाऊ, मी आणि उन्हातून आत आलेलं एक जोडपं. जोडप्याला सिनेमा आवडला असावा, कारण ते त्याच्याकडे एकदाही न बघता शेवटपर्यंत बसलं.

गावातही शाळेच्या पटांगणावर पडदा लावून खेळ झाला. थोरले पहिल्या रांगेत, धाकटेही पहिल्या रांगेत, मध्ये सरपंच. कथा, अभिनय, छायाचित्रण यांबद्दल दोघांनीही अवाक्षर काढलं नाही. दोघांनी फक्त आंबा बघितला. मागच्या त्या आंब्याचाच तर मूळ दावा. आठवड्याभरात थोरल्यांच्या वकिलाचा स्नेह्याला फोन आला. एका प्रसंगात नायक विचारमग्न होऊन झाडाखाली बसतो आणि त्याच्या मागे, चौकटीच्या कोपऱ्यात, थोरल्यांच्या पत्नी स्वतःच्या खळ्यात असल्यासारख्या निवांतपणे आमसुलं वाळत घालताना दिसतात. झाड गडग्याच्या उजव्या अंगाला. वहिवाटीचा याहून चांगला पुरावा कुठला? वकिलांना सिनेमाची प्रत हवी होती. स्नेही म्हणाला, सेन्सॉरचं प्रमाणपत्र आहे. वकील म्हणाले, त्याचा उपयोग नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागेल.

दुसऱ्याच दिवशी धाकट्यांच्या वकिलांचा फोन. त्यांनीही सिनेमा बारकाईने बघितला होता, दोनदा. मध्यंतरानंतरच्या एका प्रसंगात झाड स्वच्छ डाव्या अंगाला आहे! झालं होतं असं की दोन पात्रांच्या नजरा जुळेनात म्हणून संकलकाने तो शॉट आरशातल्यासारखा उलटा करून लावला होता, आणि त्याबरोबर आंबा गडग्यावरून उडी मारून धाकट्यांच्या हद्दीत गेला होता. पात्रांच्या नजरा जुळल्या, मालकी फिरली.

आता कोर्टाला उजवं कुठलं आणि डावं कुठलं हे सांगायला साक्षीदार हवा. स्नेह्याला समन्स आलं आहे. दोन्ही बाजूंनी. साक्षीदाराला बोलावणाऱ्या पक्षाने त्याचा प्रवासखर्च आणि भत्ता कोर्टात जमा करावा लागतो, हे त्याला वकिलाकडून कळलं तेव्हा त्याने पहिल्यांदा मला हसून फोन केला. सिनेमाची ती पहिली कमाई होती. मी त्याचं अभिनंदन केलं. तेवढ्यात मागून त्याच्या भावाचा आवाज आला. निर्माता म्हणून आपलं नाव आधी आहे, तर भत्त्यातले निम्मे कधी मिळणार, असं तो कोणाला तरी विचारत होता. बहुधा आईला.